डब्यातला शेवटचा दिवा

वाचकांचे प्रश्न

रेल्वेच्या डब्यातील दिव्यांविषयी या वेळी एकदम सहा पत्रे आली, आणि ती सगळी सोलापूर जिल्ह्यातून आली याचे मला फारसे नवल वाटले नाही. रात्री गाडीत बसायचे, सकाळी मुंबई-पुण्यात उतरायचे, दिवसभरात काम उरकायचे आणि पुन्हा रात्रीच्याच गाडीने परतायचे ही सोलापूरकरांची जुनी रीत आहे. दिवस बाहेर आणि रात्र डब्यात गेली, की डब्यातल्या दिव्याशी ओळख होतेच. माझी स्वतःची नोकरी गाड्यांच्या दिवाबत्तीच्या कामात, म्हणजे रेल्वेतली मंडळी ज्याला नुसते ‘टीएल’ म्हणतात त्या ट्रेन लाइटिंगच्या कामात गेली, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे पाठविली.

प्रश्न : पुण्याहून सोलापूरला वातानुकूलित डब्यातून येताना वाटेत दोन-तीन वेळा अचानक बहुतेक सगळे दिवे गेले आणि एसीचा आवाजही थांबला. मात्र दाराजवळचा एक आणि मधल्या वाटेतले एक-दोन दिवे चालू राहिले. काही क्षणांनी सगळे पूर्ववत झाले. हा बिघाड समजावा का? माझ्यासोबत लहान मुले होती, म्हणून विचारते.
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आपण पाहिला तो बिघाड नव्हता. व्यवस्था नीट चालू असल्याची ती खूण होती.

आता आपल्या मार्गावर विजेची इंजिने धावतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. इंजिन ती टपावरच्या पेंटोग्राफमधून, म्हणजे तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून, घेते, तिच्यातला काही भाग ७५० व्होल्टवर आणून मागच्या डब्यांना पुरविते आणि त्यावर डब्यातला एसी, दिवे आणि चार्जिंगचे सॉकेट चालतात. पूर्वी या कामासाठी गाडीला जनरेटरचा स्वतंत्र डबा, म्हणजे पॉवर कार, जोडलेला असे. त्यातली डिझेल इंजिने रात्रभर घुमत राहत आणि त्याच्या शेजारच्या डब्यातल्या प्रवाशांची झोप उडत असे. आता बऱ्याच गाड्यांत ते काम इंजिनच करते.

वरची तार सोलापूरपासून पुण्यापर्यंत अखंड दिसत असली, तरी विजेच्या दृष्टीने ती तुकड्यातुकड्यांची आहे. एका उपकेंद्राची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तेथे दोन्हीकडची वीज वेगवेगळ्या फेजची असते, त्यामुळे त्या दोन तारा एकमेकींना भिडू देऊन चालत नाही. म्हणून मध्ये वीज नसलेला एक छोटा तुकडा ठेवतात, त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. तो येण्याआधी ५०० मीटरवर आणि २५० मीटरवर लोको पायलटसाठी सूचनाफलक लावलेले असतात. ते पाहून तो इंजिनाचा मुख्य स्विच उघडतो, गाडी मिळालेल्या वेगावर तो तुकडा ओलांडते आणि पलीकडे गेल्यावर तो स्विच पुन्हा लावतो. तेवढ्या वेळात इंजिनालाच वीज नसते, मग डब्याला कोठून मिळणार?

त्या क्षणी जे दोन-तीन दिवे चालू राहिले ते आणीबाणीचे दिवे. ते डब्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालतात आणि इंजिन तोडले, तार तुटली किंवा पेंटोग्राफ मोडला, तरी त्यांना फरक पडत नाही. मनमाडकडून सोलापूरकडे येणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागत असे. दौंड कॉर्ड लाइनमुळे, म्हणजे दौंड स्थानकाला बगल देणाऱ्या जोडमार्गामुळे, आता ती उलटापालट टळते. पण जेथे जेथे इंजिन सुटते, तेथे डबा काही काळ असाच आपल्या बॅटरीवर जगतो. पुढच्या वेळी मुलांना आधीच सांगून ठेवा, की दिवे गेल्यावर कोणता दिवा उरतो ते शोधायचे. भीतीचा खेळ होईल आणि बाहेर पडायचा दरवाजा कोणत्या बाजूला आहे तेही त्यांच्या लक्षात राहील.

प्रश्न : मी मालाच्या कामासाठी दर महिन्याला रात्रीच्या गाडीने जातो. मागे एकदा आमचा स्लीपरचा डबा कुर्डुवाडी सुटल्यानंतर जो अंधारला तो पहाटेपर्यंत. शेजारच्या दोन्ही डब्यांत मात्र लख्ख उजेड आणि गरगर पंखे. एकाच गाडीत हा दुजाभाव कसा? आणि आणीबाणीचे दिवे असतात म्हणता, ते कोठे गेले होते?
— चादरींचे एक व्यापारी, अशोक चौक

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, कारण या एका तक्रारीपायी मी कित्येक रात्री पिट लाइनवर, म्हणजे डबे खालून तपासता यावेत म्हणून मध्ये खड्डा ठेवलेल्या रुळांवर, काढल्या आहेत.

जुन्या पद्धतीच्या बिगर-वातानुकूलित डब्याचे विजेपुरते वेगळे बिऱ्हाड असते. डब्याच्या पोटाखाली एक अल्टरनेटर बसविलेला असतो, त्याला आजही बहुतेक जण डायनॅमो म्हणतात. चाकाच्या आसावरून त्याच्यावर पट्टे चढविलेले असतात. गाडी धावली की आस फिरतो, पट्टे फिरतात, वीज तयार होते, आणि ती दिवे-पंख्यांना पुरून उरली की बॅटरीत साठते. गाडी स्थानकात उभी राहिली किंवा अगदी हळू चालली, की डायनॅमो गप्प होतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. ही बॅटरी ११० व्होल्टची, म्हणजे २-२ व्होल्टचे ५६ सेल एकापाठोपाठ जोडून केलेली असते आणि साध्या डब्यात तिची क्षमता १२० अँपिअर-अवर असते.

या आकड्याचा अर्थ पाहू. समजा, पंखे आणि दिवे मिळून २० अँपिअर ओढत आहेत, तर पूर्ण भरलेली बॅटरी कागदावर ६ तास पुरेल. पंखे बंद केले आणि नुसते एलईडी दिवे ३ अँपिअरवर चालले, तर तीच बॅटरी कागदावर ४० तास जाईल. प्रत्यक्षात बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करता येत नाही, आणि वय झालेल्या बॅटरीत निम्मा जीवसुद्धा उरलेला नसतो. तरीही या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते, ती ही की दिव्यांचा घास बहुधा पंखे खातात.

आपल्या डब्यात काय झाले असावे ते आता ताडता येते. पट्टे झिजून तुटले असतील किंवा सैल पडून घसरत असतील. पट्टे चोरीला जाण्याचे प्रकारही मी पाहिले आहेत. डायनॅमो बंद पडला तरी दिवे लगेच जात नाहीत. गाडी सुटल्यापासून बॅटरी एकटी भार ओढत राहते आणि काही तासांनी थकते, म्हणून अंधार गाडी सुटते तेथे न होता पुढे कुर्डुवाडीला होतो. शेजारच्या डब्याचे बिऱ्हाड वेगळे, त्याचे पट्टे शाबूत, म्हणून तिकडे उजेड.

पिवळे बल्ब होते तेव्हा यात निदान पूर्वसूचना तरी मिळे. बॅटरी उतरू लागली की बल्ब आधी लालसर होई, मग त्याची नुसती तार निखाऱ्यासारखी दिसे, आणि गाडीत मुरलेला प्रवासी म्हणे, ‘‘आज हा डबा काही सोलापूरपर्यंत जात नाही.’’ एलईडी दिवा वीज कमी खातो, पण तो दाब घसरत असतानाही जवळजवळ तसाच जळत राहतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम मिटतो.

राहिला आपला दुसरा प्रश्न. साध्या डब्यात दिव्यांच्या तारा दोन गटांत विभागलेल्या असतात. दारे, मधली वाट, संडास आणि रात्रीचे दिवे एका गटात असतात, तर बाकीचे दिवे दुसऱ्या. पहिला गट अत्यावश्यक धरलेला असतो आणि तो शेवटपर्यंत चालू राहावा अशी अपेक्षा असते. पण दोन्ही गटांचे तेल एकाच बुधल्यातले आहे. बुधला रिकामा झाला की अत्यावश्यक काय आणि साधा काय, दोन्ही दिवे विझणार. साध्या डब्यातली आणीबाणीची व्यवस्था इंजिनापासून स्वतंत्र असते, पण त्या डब्याच्या पंख्यांपासून स्वतंत्र नसते, आणि माझ्या मते तिच्यातला मोठा उणेपणा हाच आहे.

यावर उपाय नाही असे नाही. प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना शेजारच्या डब्याची वीज घेण्यासाठी टर्मिनल दिलेले असतात. दोन डब्यांमधली जोडणी केली, की निरोगी डबा आजारी डब्याला आपल्या ताटातले देतो. फक्त ते काम प्रवाशाने करायचे नाही, त्यासाठी टीएलचा माणूस लागतो आणि गाडी पुरेसा वेळ थांबावी लागते. मधल्या एखाद्या स्थानकावर दोन मिनिटांच्या थांब्यात ते होत नाही.

पिट लाइनवर पहाटे हे पट्टे तपासण्याची रीत अजून डोळ्यांसमोर आहे. खड्ड्यात उतरून मान वर करून उभे राहायचे, हातातल्या दिव्याच्या उजेडात पट्ट्याच्या कडा न्याहाळायच्या, मग अंगठ्याने पट्टा दाबून तो किती दबतो ते पाहायचे. नव्या माणसाला मोजपट्टी लागे, जुन्याला अंगठाच सांगे. त्यानंतर बॅटरीची पेटी ओढायची, सेलचे झाकण काढून आम्लाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर बुडवायचा आणि त्यातला तरंगता खुंट कोठे थांबतो ते वहीत लिहायचे. हिवाळ्यात, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, आम्लाच्या वासाने आणि थंडीने नाक झोंबत असे. एखादा सेल घाईत तपासायचा राहिला, तर त्याची शिक्षा तिसऱ्याच दिवशी दुसऱ्याच कोणाला अंधारात भोगावी लागे.

प्रश्न : डब्यात रात्री जो निळा दिवा जळतो, तोच आणीबाणीचा दिवा असतो का?
— एक विद्यार्थी, माढा

उत्तर : नाही. तो झोपेचा दिवा आहे. रात्री १० नंतर बाकीचे दिवे मालवून तो ठेवायचा असतो, म्हणजे उठणाऱ्याला वाट दिसते आणि झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. साध्या डब्यात तो अत्यावश्यक गटात जोडलेला असल्याने अडचणीतही चालू राहू शकतो, म्हणून हा गोंधळ होतो. पण अडचणीच्या वेळी त्याने दरवाजाची कडी आणि पायरी दाखवावी म्हटले, तर तेवढा त्याचा उजेड नसतो.

प्रश्न : अपघातात डबा रुळावरून घसरला किंवा कलंडला, तर हे दिवे चालू राहतात का? इतर देशांत याबाबत काही नियम आहेत काय? डब्यात दिवा ही सोय मुळात कधी आली, तेही सांगितल्यास बरे होईल.
— एक निवृत्त शिक्षक, सात रस्ता

उत्तर : गुरुजी, आपण तीन प्रश्न विचारले आहेत. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

सोलापुरात पहिली आगगाडी आली ती १८६० साली. तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग पुरा व्हायचा होता, तो १८६३ साली सुरू झाला. म्हणजे मुंबईचा प्रवासी घाट रस्त्याने चढून वर येई आणि पुन्हा गाडीत बसून आपल्याकडे येई. त्या काळच्या गाड्यांत तेलाचे दिवे असत. डब्याच्या छताला भोक ठेवलेले असे, माणूस टपावर चढून पेटता दिवा वरून त्या भोकात उतरवी आणि खाली बसलेल्यांना डोक्यावरून पिवळा उजेड मिळे, कधी कधी त्यासोबत तेलाचा थेंबही. पुढे १८७० च्या दशकात बर्लिनच्या ज्युलियस पिंच यांनी गॅस दाबून टाकीत भरण्याची पद्धत रूढ केली आणि अनेक देशांत डब्याखाली गॅसच्या टाक्या आल्या. उजेड वाढला, पण लाकडी डबा आणि त्याच्या पोटाखाली गॅस अशी ती जोडी होती. स्कॉटलंडमधील क्विंटिन्सहिल येथे २२ मे १९१५ रोजी सैनिकांची गाडी आदळली तेव्हा त्या गॅसने पेट घेतला आणि २०० हून अधिक माणसे दगावली. चाकावरून पट्टा घेऊन डब्याखाली वीज तयार करण्याची स्टोन यांची पद्धत १८९० च्या दशकातच निघालेली होती. गॅसच्या अशा अपघातांनंतर तिचे महत्त्व सर्वांना पटले. मघा सांगितलेल्या आपल्या पट्ट्याची आणि डायनॅमोची कुळी तीच.

विजेने आगीचा धोका कमी केला आणि नवा प्रश्न आणला. तेलाचा दिवा असो वा कंदील, त्याचे इंधन त्याच्याच पोटात असते. विजेच्या दिव्याचे इंधन दूर असते, आणि दोहोंमधली तार तुटली की दिवा कितीही चांगला असला तरी व्यर्थ. डब्याची बॅटरी बहुधा डब्याखाली टांगलेल्या पेटीत असते. गाडी घसरते तेव्हा रूळ, खडी आणि रुळांखालचे स्लीपर यांचा पहिला मार नेमका त्याच भागाला बसतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की पेटी आणि तारा वाचल्या तर दिवे चालू राहतील, त्या गेल्या तर दिवेही जातील.

अमेरिकेने हा धडा फार कडू रीतीने घेतला. १६ फेब्रुवारी १९९६ च्या संध्याकाळी मेरिलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे, बर्फ पडत असताना, एक लोकल गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली आणि ११ जण मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याची वाट, तिच्या खुणा आणि आणीबाणीचा उजेड यांतल्या उणिवांची चर्चा तेथे त्यानंतर झाली. १९९९ साली नव्या डब्यांसाठी नियम आले. बॅटरीवर दिवे ९० मिनिटे टिकले पाहिजेत आणि तेवढ्या वेळात उजेडाची घट ४० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. डबा कोणत्याही बाजूला ४५ अंशांपर्यंत कलला तरी दिवे चालले पाहिजेत. घसरताना बसणारा पहिला हादराही त्यांनी सोसला पाहिजे. २०१३ साली त्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी भर पडली. ती अशी, की नव्या डब्यातील प्रत्येक आणीबाणीच्या दिव्याची बॅटरी डब्याच्या आतच हवी, आणि तीही दिव्यापासून अर्ध्या डब्याच्या लांबीच्या आत. कंदिलाची जुनी युक्ती, इंधन दिव्याजवळ ठेवण्याची, दीडशे वर्षांनी अशी फिरून आली.

युरोपातील नियमही, अतिवेगवान गाड्या सोडल्या तर, मुख्य वीज गेल्यावर ९० मिनिटांचाच काळ धरतात आणि जमिनीच्या पातळीवर निदान ५ लक्स (लक्स हे उजेड मोजायचे एकक) उजेड मागतात. आग लागली, तर आग न पोहोचलेल्या डब्यांतील निदान निम्मे आणीबाणीचे दिवे २० मिनिटे तरी टिकले पाहिजेत, अशीही अट आहे. ५ लक्स हा आकडा पाहून आपल्याला तो फार थोडा वाटेल. वर्गात वाचायला तो मुळीच पुरणार नाही. पण निरभ्र आकाशातील पौर्णिमेचे चांदणे लक्सच्या पाव भागाच्या आसपास असते, आणि पंढरीच्या वाटेवर तेवढ्या चांदण्यात माणसे मैलच्या मैल चालत आली आहेत. ५ लक्स त्याच्या वीसपट झाले. बॅग कोठे पडली आहे, पायरी किती खाली आहे आणि समोर माणूस आहे की खांब, एवढे दिसले की माणूस घाबरून धावत सुटत नाही. उलट दिवा फार प्रखर ठेवला तर तो लवकर संपतो, आणि त्यातून बाहेरच्या काळोखात पाऊल टाकणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात.

आणखी एक साधन आहे, त्याला तार लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. उजेड शोषून घेऊन अंधारात हिरवट चमकणाऱ्या पट्ट्या आपण पाहिल्या असतील. परदेशात त्या मुद्दाम जमिनीलगत लावतात, कारण आगीचा धूर वर चढतो, छताजवळचा फलक झाकला जातो आणि रांगत जाणाऱ्या माणसाला खालचेच दिसते. मात्र या पट्ट्या उधारीवर जगतात, त्यांनी आधी दिव्याचा उजेड खाल्लेला असला पाहिजे. धुळीने माखलेल्या किंवा सामानाखाली दबलेल्या पट्टीला अंधारात परत देण्यासारखे काही नसते.

आपल्याकडील नव्या गाड्यांत सोयी वाढल्या आहेत. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारतमध्ये प्रवाशाला डब्यातूनच गाडीच्या कर्मचाऱ्यांशी बोलता येईल असे आणीबाणीचे यंत्र बसविलेले आहे. माझे मागणे त्याहून साधे आहे. प्रत्येक डब्याच्या चारही दारांवर तळहाताएवढा, स्वतःचा सेल पोटात असलेला, मुख्य वीज जाताच आपोआप लागणारा एकेक दिवा असावा, मग तो डबा वंदे भारतचा असो किंवा जनरलचा. पंखे, चार्जिंग आणि डब्याखालची पेटी यांच्याशी त्याचा संबंध नसावा. शहरातल्या कोणत्याही बऱ्या दुकानात वीज गेल्यावर लागणारा असा दिवा भिंतीवर दिसतो.

प्रश्न : डब्यातील दिवे गेले तर प्रवाशाने नेमके काय करावे? साखळी ओढावी का? आमच्या सासूबाई प्रवासात मेणबत्ती आणि काडेपेटी बाळगतात, ते योग्य आहे का?
— एक गृहिणी, अक्कलकोट

उत्तर : मेणबत्ती मुळीच पेटवू नका, आणि सासूबाईंना हे माझे नाव पुढे करून सांगा. चालत्या डब्यात सीटचे रेक्झिन, पांघरुणे, कागदी पुड्या आणि सुटलेला वारा असताना उघडी ज्योत अंधारापेक्षा कितीतरी धोक्याची आहे. त्यांना काडेपेटीऐवजी छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेऊन द्या आणि ती पिशवीच्या तळाशी न ठेवता उशाशी ठेवायला सांगा.

साखळीचे असे आहे, की नुसते दिवे गेले हे ती ओढण्याचे कारण नव्हे. रेल्वे कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे सबळ कारणाशिवाय साखळी ओढल्यास १ वर्षापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय कर्जत ते लोणावळ्याच्या घाटात गाडी ३७ फुटांना १ फूट असा चढ चढते. तेथल्या बोगद्यात अंधाऱ्या डब्यासाठी गाडी उभी करणे म्हणजे एका डब्याचा अंधार सगळ्या गाडीला वाटणे होय. धूर दिसला, जळाल्याचा वास आला, कोणी पडले किंवा जखमी झाले, तर मात्र विचार करत बसू नका. तेथे कारण अंधाराचे नसते, जिवाचे असते.

मला स्वतःला एकदा असा अनुभव आला. एका रात्रीच्या गाडीत मोहोळच्या अलीकडे डबा अंधारला आणि गाडीही सिग्नलला उभी राहिली. पहिली दोन मिनिटे पंधरा-वीस मोबाइल एकदम पेटले आणि प्रत्येकाचा झोत दुसऱ्याच्या डोळ्यांत, त्यामुळे उजेड भरपूर असूनही कोणाला काही दिसेना. खालच्या बर्थवरच्या एक आजी पायाने चपला चाचपडत होत्या आणि त्यांच्या पिशवीतली शेंगाचटणीची पुडी फुटून वाट बुळबुळीत झाली होती. समोरच्या एका मुलाने आपला मोबाइल पाण्याच्या भरलेल्या बाटलीखाली, झोत वर करून ठेवला. बाटली कंदिलासारखी उजळली, सगळ्या कप्प्यात मऊ उजेड पसरला आणि बाकीच्यांनी आपोआप आपापले मोबाइल बंद केले. आजींच्या चपलाही सापडल्या. एक मी टीएलमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, पण ती युक्ती मला सुचली नव्हती.

तेव्हा एका कप्प्यात एकच मोबाइल पेटवा आणि तो जमिनीकडे किंवा छताकडे वळवा. बाकीच्यांची बॅटरी फोन करण्यासाठी राहू द्या. गाडी उभी असली तरी दार उघडून खाली उतरू नका, विशेषतः दुसऱ्या रुळाच्या बाजूला, कारण अंधारात येणाऱ्या गाडीचे अंतर कोणालाही कळत नाही. गाडीत बसल्यावर दिवे चालू असतानाच आणीबाणीची खिडकी कोणती ते पाहून ठेवा, ती लाल रंगाने दाखविलेली असते. गार्डकडे, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, हातदिवा असतोच, पण वीस-बावीस डब्यांच्या गाडीत ते आपल्यापर्यंत चालत येईपर्यंत आपला कप्पा आपणच सांभाळायचा असतो.

आणखी एक. संडासाजवळच्या भिंतीत दिव्यांच्या स्विचची पेटी असते. झोप येत नाही म्हणून कोणीतरी तिच्यात हात घालतो, हाताला येईल तो स्विच फिरवतो आणि त्यात अत्यावश्यक गटही बंद होतो. मग रात्री दोन वाजता ‘‘डब्यात लाइट नाही’’ म्हणून आरडाओरडा होतो. ती पेटी कर्मचाऱ्यांसाठी आहे.

प्रश्न : तक्रार कोठे करावी? टीसींना सांगितले तर ते ‘‘पुढच्या स्टेशनवर पाहू’’ म्हणतात.
— एक दैनंदिन प्रवासी, मोहोळ

उत्तर : टीसींना जरूर सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. १३९ या क्रमांकावर फोन करा किंवा रेलमदद ॲपवर तक्रार नोंदवा. तिला क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळालेली तक्रार कोणाला तरी बंद करावी लागते. तक्रारीत ‘‘एस-४ मध्ये लाइट नाही’’ एवढेच लिहू नका. एस-४ ही त्या दिवसापुरती पाटी असते, उद्या ती दुसऱ्याच डब्यावर लागेल. डब्याच्या बाहेरच्या बाजूला आणि आत दाराजवळ रंगविलेला त्याचा कायमचा क्रमांक लिहा. त्याचे पहिले दोन अंक बहुधा तो डबा बांधला त्या वर्षाचे असतात. दिवे एकदम गेले की हळूहळू मंद होत गेले, पंखे आधी थांबले का, आणि शेजारच्या डब्यात काय स्थिती होती, हेही लिहा. दिवे किंवा पंखे मंद होत गेले असतील तर पिट लाइनवरचा माणूस आधी पट्टा पाहील, सगळे एकदम गेले असेल तर आधी फ्यूज पाहील, आणि सकाळी गाडी धुऊन परत निघण्याआधी त्याच्या हातात जो तास-दीड तास असतो तो शोधण्यात जाणार नाही.